बास्केटबॉलची व्हीलचेअर: नाव नको, माप सांगा

बास्केटबॉलसाठी बनवून घेतलेली माझी व्हीलचेअर आता चांगली रुळली आहे. तिच्यावर सराव झाला, स्पर्धा झाल्या, समोरच्याच्या खुर्चीवर आदळून झालं, दोनदा उलटून पडूनही झालं. वॉर्डात भेटणारे जवान आणि मैदानावर येणारे नवे खेळाडू हमखास विचारतात, "भाऊ, अशी घेऊ का?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

घ्या. माझं मत स्पष्ट आहे. पण कंपनीचं नाव विचारून घेऊ नका, म्हणून ते मी इथे देतही नाही. ज्या कारखान्याने माझी खुर्ची इतकी नेमकी बनवली, त्याच कारखान्याची खुर्ची आमच्या संघातल्या एका पोराला निरुपयोगी ठरली. ती दुसऱ्याच कुणाच्या मापाची होती आणि याला देणगीत मिळाली होती. सीट इतकी रुंद की त्याने डावीकडे वळायला जोर लावला की अंग आधी वळायचं आणि खुर्ची मागून यायची.

मी पायदळात हवालदार होतो. काश्मीरमध्ये एका कारवाईत पाठीत गोळी लागली. दुखापत डी-११ मणक्याची, म्हणजे छातीमागच्या मणक्यांपैकी अकराव्याची. कमरेखाली संवेदना नाही आणि हालचालही नाही. पोटाचे वरचे स्नायू चांगलं काम करतात, खालचे अर्धवट. इतकं बारीक सांगतोय, कारण खेळाची खुर्ची इथूनच ठरते. या खेळात प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या ताकदीप्रमाणे १.० ते ४.५ पॉइंट देतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊन चालत नाही. ज्याला धडावर ताबा नाही तो १.० चा, आणि ज्याचा एखादाच पाय गेला आहे, बाकी शरीर धडधाकट आहे, तो ४.५ च्या आसपास. मी २.० चा. माझ्यासारख्याला जी खुर्ची लागते ती भूसुरुंगात गुडघ्याखालचा पाय गमावलेल्या माझ्या मित्राला लागत नाही. आम्ही दोघंही जखमी सैनिक, दोघांची उंचीही सारखी, तरी आमच्या खुर्च्या एकमेकांना चालत नाहीत.

हॉस्पिटलमधून बाहेर पडताना सगळ्यांना साधारण एकच खुर्ची मिळते. घडीची, लोखंडी नळ्यांची, मधोमध झोळीसारखी खाली आलेली सीट. ती रुग्णाला एका खोलीतून दुसरीकडे ढकलत न्यायला बनवलेली असते. तिच्यावर बसून स्वतः दिवसभर फिरायचं म्हटलं की खांदे बोलायला लागतात. पाय गेलेल्या माणसाचे खांदे हेच पाय असतात. पलंगावरून उतरणं, संडासात बसणं, गाडीत चढणं, सगळं त्यांच्यावर. त्यामुळे खुर्चीचं वजन आणि चाकाची जागा हा माझ्या लेखी चैनीचा विषय नाही.

आता मापाबद्दल, कारण सगळं तिथेच आहे. माझं माप एका फिजिओ मॅडमनी घेतलं. त्यांनी पहिलं वाक्य हे म्हटलं, "दादा, आधी तुमच्या गादीवर बसा, मग टेप लावते." गादीविना घेतलेलं माप खोटं ठरतं. गादी तीन-चार बोटं जाड असते आणि तिच्यावर बसलं की मांडी, पाठ, कोपर सगळंच वर सरकतं. मग त्यांनी बसल्या जागी कमरेची रुंदी घेतली आणि सीट बरोबर तेवढीच सांगितली, बाजूला बोटभरही जागा न सोडता. रोजच्या खुर्चीत थोडी मोकळीक चालते. खेळाच्या खुर्चीत मोकळीक ठेवली तर वळण्याचा अर्धा जोर त्या फटीतच जातो. मागून मांडीच्या टोकापर्यंतची लांबी घेतली आणि गुडघ्यामागे दोन बोटं सोडली, म्हणजे सीटची कडा तिथे रुतणार नाही. गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेऊन पाय ठेवायची दांडी ठरवली. पाठीची उंची बरगड्यांच्या खालपर्यंतच ठेवली. ती वर नेली असती तर मला आधार मिळाला असता, पण मागे वळून पास घेता आला नसता.

सर्वांत जास्त वेळ गेला तो सीटच्या उतारावर. सीट पुढून उंच आणि मागून खोल ठेवतात, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि माणूस खुर्चीत रुतून बसतो. धडाला ताकद नसलेल्याला हा उतार जास्त लागतो. तोच त्याचा तोल धरतो. पाय गेलेला पण कंबर मजबूत असलेला खेळाडू सपाट सीट घेतो आणि उंच बसतो. उंचीला मात्र नियम आहे. गादी धरून सीटची उंची ३.० पॉइंटपर्यंतच्या खेळाडूला ६३ सेंटीमीटरपर्यंत चालते, ३.५ पासून वरच्याला ५८. बास्केट मात्र उभ्याने खेळणाऱ्यांची असते तितकीच वर, ३.०५ मीटरवर. म्हणून उंच बसायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही पूर्ण ६३ हवे होते. मॅडमनी बसवून दोन्ही हात डोक्यावर धरायला लावले आणि खांद्याला हलका धक्का दिला. मी कलंडलो. तिथेच उंची कमी झाली, आणि ते बरोबर होतं.

मैदानावर ही खुर्ची कशी आहे? चाकं १८ अंशांत तिरकी आहेत, वरून अंगाजवळ, खालून बाहेर फाकलेली. बहुतेक जण १५ ते २० च्या मध्ये ठेवतात. त्याचे तीन फायदे मला रोज जाणवतात. एका हाताने रोखलं आणि दुसऱ्याने ढकललं की खुर्ची जागेवर गिरकी घेते. बाजूने धडक बसली तरी सहसा उलटत नाही. आणि दोन खुर्च्या घासल्या तर चाकांचे खालचे भाग एकमेकांना लागतात, वरची बोटं सुटतात. मागे एक छोटं पाचवं चाक आहे, ते मागे उताणं पडण्यापासून वाचवतं. ते आहे म्हणूनच मोठ्या चाकांचा आस पुढे घेता आला, आणि आस पुढे घेतल्यामुळेच ती इतकी चपळ आहे. समोरच्या दांडीला आपटण्याचा मार सर्वांत जास्त बसतो. तिचं वेल्डिंग अजून तसंच आहे, त्याबद्दल कारखान्याला पूर्ण गुण.

ब्रेक नाहीत. हा दोष नव्हे, नियमच तसा आहे. पण नव्या माणसाला कुणी हे सांगत नाही. रोजच्या खुर्चीतून या खुर्चीत जाताना ती हमखास पुढे पळते. भिंतीला टेकवून घ्या किंवा जोडीदाराला मागून धरायला सांगा. आमच्याकडे हे काम आळीपाळीने असतं आणि कुणी त्यात कमीपणा मानत नाही.

पट्ट्यांबद्दल काळजीने लिहितो. कमरेला एक, मांड्यांवर एक आणि पावलांना एक पट्टा. कमरेचा पट्टा खाली, हाडावर हवा. पोटावर आला तर श्वास अडतो. पट्ट्यांनीच माणूस आणि खुर्ची एक होतात. पण कमरेखाली संवेदना नसलेल्याला पट्टा काचतोय हे कळत नाही. प्रत्येक सरावानंतर आरसा घेऊन मांड्या, ढुंगण, घोटे बघायचे. लाल डाग दिसला आणि तो थोड्या वेळात गेला नाही, तर त्या भागावर बसायचं नाही, मग उद्या फायनल असली तरी. प्रेशर सोअर, म्हणजे दाबून होणारी जखम (बेडसोअर), एकदा खोल गेला की महिनोन्महिने पालथं पडून राहावं लागतं. मी वॉर्डात तसे पडलेले गडी पाहिलेत, गोळीतून वाचलेले आणि जखमेने खिळलेले. खुर्चीबरोबर आलेला फोम माझ्या मते कुचकामी होता. मी माझी हवेची गादी वापरतो आणि तिची जाडी उंचीत धरून घेतली आहे. टाइमआऊटमध्ये बाकीचे पाणी पितात तेव्हा मी दोन्ही हात चाकांवर टेकून अंग उचलून धरतो. पंधरा-वीस मिनिटांत एकदा ते झालंच पाहिजे, खेळ असो वा नसो.

देखभाल सोपी आहे, पण ती नियमाने करायची. पुढच्या छोट्या चाकांच्या बेअरिंगमध्ये केस आणि धागे अडकतात. ते काढले नाहीत तर चाक थरथरतं आणि वेगात खुर्ची एका बाजूला ओढते. आरे ढिले होतात. टायरमध्ये हवा चांगली कडक हवी, नाहीतर प्रत्येक ढकलीला दीडपट जोर लागतो. मोठी चाकं मधलं बटण दाबून निघतात, बाकी सगळं ॲलन की च्या एका संचात होतं. पलटणीतल्या कंपनीत रोज संध्याकाळी हत्यार साफ करायची सवय होती, ती इथे कामी आली. आमच्या संघात सरावानंतर दहा मिनिटं खुर्चीसाठीच असतात आणि नवा पोरगा घाई करून निघाला तर उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, त्याला परत बोलावतात.

आता तक्रारी. ही खुर्ची घडी होत नाही. चाकं काढली तरी चौकट तेवढीच राहते, साध्या गाडीच्या मागच्या सीटवर जेमतेम बसते. फाकलेल्या चाकांमुळे ती खालून इतकी रुंद आहे की घरातल्या साध्या दारातून जात नाही. म्हणजे मैदानासाठी ही आणि बाकी जगासाठी दुसरी, अशा दोन खुर्च्या लागतात, आणि दोन्ही वाहून न्यायला माणूस लागतो. एका स्पर्धेच्या जागी सभागृह उत्तम होतं, फरशी सुरेख, पण स्वच्छतागृहाच्या दारातून आमच्यापैकी कुणाचीच खुर्ची, अगदी रोजचीही, आत जात नव्हती. सकाळपासून पाणी न पिता खेळलेले खेळाडू मी तिथे पाहिले. मणक्याची दुखापत असलेल्याने पाणी टाळणं म्हणजे मूत्रमार्गाच्या संसर्गाला बोलावणं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, दार ९० सेंटीमीटर मोकळं हवं आणि उतार बाराला एक हवा हे मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. आता आम्ही स्पर्धेला हो म्हणण्याआधी आयोजकांकडून दाराचा टेप लावलेला फोटो मागवतो.

किमतीचं म्हणाल तर बाहेरची खुर्ची लाखांत जाते, आपल्याकडे बनलेली तिच्यापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि दुरुस्तीला माणूस मिळतो, हे जास्त महत्त्वाचं. पैशासाठी मी अर्ज केला होता. एका कार्यालयातून तो परत आला. शेरा होता, "यापूर्वी एक व्हीलचेअर देण्यात आली आहे." मी वाद घातला नाही. मॅडमच्या मापाचा कागद, सर्जनचं पत्र आणि दोन्ही खुर्च्यांचे फोटो जोडले, कोणती कशासाठी ते एकेका ओळीत लिहिलं आणि पुन्हा पाठवला. मंजूर झाला. तेव्हापासून मी हेच कागदांचं काम इतरांसाठीही करतो. कुणी खुर्चीचं विचारायला येतो, आणि बोलता बोलता पिशवीतून डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) बाहेर काढतो. बहुतेक वेळा खुर्चीपेक्षा मोठं दुखणं त्या कागदांत असतं.

कारवाईत जखमी झालेल्याची नोंद बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली इजा) म्हणून आहे की फिजिकल कॅज्युअल्टी (लढाईबाहेरची इजा) म्हणून, एवढ्या एका ओळीवर वॉर इंजुरी पेन्शन मिळणार की साधी अपंगत्व पेन्शन, हे ठरतं. मेडिकल बोर्डाने लिहिलेले अपंगत्वाचे टक्केही तपासायचे. राउंडिंगच्या नियमाने ५० च्या आतले टक्के ५० धरतात, ५० ते ७५ चे ७५ आणि त्याच्या वरचे १००. हा फायदा आधी फक्त अपंगत्वामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होता. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळाला पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये मान्य केलं. गावोगावी असे जुने जवान बसलेत ज्यांच्या कागदावर अजून ३० किंवा ४० टक्केच चालू आहेत आणि त्यांना कुणी सांगितलेलं नाही. १०० टक्के अपंगत्व असलेल्याला बोर्डाच्या शिफारशीने कायम मदतनीस भत्ता मिळतो, तोही मागावा लागतो. आपणहून कुणी दारात आणून देत नाही.

खेळ आणि हक्काचं काम ही दोन वेगळी खाती आहेत असं मला कधी वाटलं नाही. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ ला १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी. आजची पॅरालिंपिक तिथून आली. त्याच सुमारास अमेरिकेत महायुद्धातून परतलेले सैनिक रुग्णालयांच्या जिममध्ये व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळत होते, आणि तिथल्या पक्षाघात झालेल्या सैनिकांनी आपली संघटना १९४६ मध्ये उभी केली. खेळणारे आणि मागण्या लिहिणारे तेच हात होते.

आपल्याकडे मुरलीकांत पेटकर साहेब आहेत. ईएमई चे, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागाचे जवान, बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकलं, तेव्हाचा विश्वविक्रम. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधल्या ४६ वर्षांचा विचार केला की मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. आज खडकीला सैन्याचं पॅरालिंपिक केंद्र आहे, त्यामुळे चित्र बदललं आहे. आसाम रेजिमेंटचे होकाटो सेमा यांचा पाय २००२ मध्ये सुरुंगात गेला. त्यांनी २०२४ ला पॅरिसमध्ये १४.६५ मीटर गोळा फेकून कांस्य आणलं. त्यांच्या एफ-५७ या दिव्यांगत्वाप्रमाणे ठरलेल्या गटात बसून फेकतात, जमिनीला बांधलेल्या चौकटीवरून. तिची उंचीही ठरलेली आहे, ७५ सेंटीमीटरच्या वर नाही, आणि तीही खेळाडूच्या शरीराप्रमाणेच बांधावी लागते.

देणग्या देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पन्नास खुर्च्या एका मापाच्या वाटण्याऐवजी दहा द्या, पण माणूस बसवून, टेप लावून द्या. फोटो काढायला दहाही पुरतात. स्टोअरच्या कोपऱ्यात धूळ खात उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या खेळाच्या खुर्च्या मी पाहिल्यात, आणि त्याच दाराबाहेर हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून बास्केटकडे बॉल फेकणारी पोरंही.

कुणी घेऊ नये? ज्याची जखम अजून भरतेय, ज्याला बेडसोअर आहे, ज्याचा खांदा आधीच फाटलाय, त्याने डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबावं. आणि दुखापतीला वर्षही झालेलं नाही त्याने पक्क्या वेल्डिंगची चौकट घेऊ नये. पहिल्या वर्षात वजन बदलतं, स्नायू कुठे परत येतात, कुठे झिजतात, पॉइंटही बदलू शकतात. त्याने आस आणि सीटची उंची बोल्टने पुढे-मागे, वर-खाली करता येईल अशी खुर्ची घ्यावी. ती थोडी जड असते, धडकीत थोडी कुरकुरते, पण शरीराबरोबर बदलते. पक्की चौकट दुसऱ्या खेपेला.

माझ्या खुर्चीला मी पाचपैकी चार देतो. एक कापला तो गादीसाठी आणि आऱ्यांवरच्या संरक्षक चकत्यांसाठी. चकत्या इतक्या पातळ आहेत की समोरच्याची दांडी लागली की चिरतात आणि त्यांच्या कडेने बोट कापतं. ऑर्डर देतानाच जाड चकत्यांचा आग्रह धरा, चार ट्यूब, मूठभर आरे आणि पुढच्या चाकांच्या बेअरिंगची एक जोडी बरोबर मागवा. हे सुटे भाग साध्या सायकलच्या दुकानात मिळतीलच असं नाही, आणि एका बेअरिंगसाठी खुर्ची पंधरा दिवस उभी राहिलेली मी पाहिली आहे.